नाण्यांची पेटी आणि जायबंदी हात : ओहायोच्या भरपाई निधीची राखण कोणी करायची?

१/
१९९८ साली अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका सरकारी खात्याने अडीच कोटी डॉलर एका नाणे-व्यापाऱ्याच्या हवाली केले. २००१ साली आणखी अडीच कोटी दिले. यंत्रात बोटे गमावलेल्या, छतावरून कोसळलेल्या, खाणीत जायबंदी झालेल्या कामगारांच्या भरपाईसाठी राखलेला हा पैसा होता. व्यापाऱ्याने त्यातून दुर्मीळ नाणी विकत घ्यावीत, ती नफ्याने विकावीत आणि नफ्याचा वाटा खात्याला द्यावा, असा व्यवहार ठरला होता.

२/
२००५ साली हिशेब मागितला गेला, तेव्हा त्यातले एक कोटीहून अधिक डॉलर सापडेनात. अमेरिकी वृत्तपत्रांनी या प्रकरणाला ‘कॉइनगेट’ असे नाव दिले. बहुतेक ठिकाणी ही एका लबाड व्यापाऱ्याची कथा म्हणून सांगितली जाते. व्यापारी लबाड होता, हे न्यायालयात सिद्ध झाले. त्याबद्दल वाद नाही. माझा मुद्दा निराळा आहे. त्याला दार उघडे मिळाले ते खात्याच्या कारभाराची रचनाच तशी होती म्हणून. आजचा धागा त्या रचनेविषयी आहे.

३/
मित्रहो, हा पैसा मुळात कोणाचा, हे समजल्याशिवाय पुढचे काही कळणार नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात जाऊ. त्या काळी कारखान्यात हात तुटलेल्या मजुराला मालकाविरुद्ध दावा लावता येत असे. पण मालकाच्या वकिलाजवळ तीन ढाली तयार असत. मजुराचा स्वतःचाही थोडा हलगर्जीपणा होता, ही पहिली. धोका ठाऊक असूनही त्याने नोकरी पत्करली, ही दुसरी. अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला, मालकाच्या नव्हे, ही तिसरी. यांपैकी एक जरी टिकली तरी मजूर रिकाम्या हाताने घरी जाई.

४/
१८८४ हे वर्ष ध्यानात ठेवा. त्या वर्षी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला. दोष कोणाचा, हे न पाहता जखमी कामगाराला भरपाई आणि तिचा खर्च मालकांच्या वर्गणीतून, हे त्याचे सूत्र. त्याच वर्षी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी आपल्या मागण्यांचे निवेदन तयार केले. त्यावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. साप्ताहिक सुट्टीच्या मागणीसाठी आपण ते निवेदन आठवतो. पण कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत वेतन मिळावे आणि कायमचा अपंग झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी, ही मागणीही त्यात होती.

५/
अमेरिकेत हा विचार उशिरा रुजला. न्यूयॉर्क राज्याने १९१० साली केलेला सक्तीचा भरपाई कायदा तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी घटनाबाह्य ठरवला. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत बहुसंख्य स्थलांतरित तरुणी होत्या. इतिहासात दोन तारखा इतक्या निष्ठुरपणे शेजारी येण्याचे प्रसंग थोडेच.

६/
न्यायालयाच्या या निकालातून ओहायोने धडा घेतला. १९११ साली तिथे ऐच्छिक स्वरूपाचा कायदा झाला. सक्ती करायची तर राज्यघटनेचाच आधार हवा, म्हणून १९१२ साली मतदारांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. गव्हर्नर जेम्स कॉक्स यांच्या काळात १९१३ साली सक्तीचा कायदा संमत झाला आणि १ जानेवारी १९१४ पासून तो लागू झाला. मालकांनी राज्याच्या निधीत विमाहप्ता भरायचा आणि जखमींना त्या निधीतून भरपाई द्यायची, अशी ही व्यवस्था.

७/
या व्यवस्थेच्या पोटात एक सौदा आहे. कामगाराला भरपाईची हमी मिळाली. त्या बदल्यात मालकाला न्यायालयात खेचण्याचा हक्क त्याने सोडला. ओहायोच्या घटनेतच तशी तरतूद आहे : ही भरपाई इतर सर्व दाव्यांच्या ऐवजी. अभ्यासक याला ‘महासौदा’ म्हणतात. म्हणजे निधीतला प्रत्येक डॉलर हा कोणीतरी सोडून दिलेल्या हक्काचा मोबदला आहे. तो सरकारी महसूल नव्हे आणि सरकारची मेहेरबानी तर नव्हेच. माझे सारे म्हणणे या एका वाक्यावर उभे आहे.

८/
ओहायोने आणखी एक पाऊल टाकले. बहुतेक राज्यांत मालक खाजगी कंपनीकडून हा विमा घेऊ शकतो. ओहायोत तशी मुभा नाही. काही मोठे उद्योग परवानगी काढून स्वतःच भरपाई देतात. बाकी सर्वांनी राज्याच्याच निधीत यायचे. आज अशी मक्तेदारी ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटा या चारच राज्यांत आहे. ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नसेल, तर त्याचे एकमेव संरक्षण म्हणजे देखरेख. बाजार जे काम करू शकत नाही, ते तिथे देखरेखीला करावे लागते.

९/
मग देखरेख कोणी केली? आरंभी एकाच औद्योगिक आयोगाकडे सारे होते : निधी सांभाळणे, हप्ते ठरवणे आणि तंटे सोडवणे. १९५५ साली कामाची वाटणी झाली. निधी आणि दैनंदिन कारभार नव्या ‘ब्युरो’कडे गेला; तंट्यांचा निवाडा आयोगाकडे राहिला. आयोगाचे तीन सदस्य असतात : एक कामगारांच्या बाजूचा, एक मालकांच्या बाजूचा, एक जनतेच्या वतीने. पैसे देणारा आणि न्याय करणारा वेगळा असावा, हे तत्त्व योग्यच होते.

१०/
खरा पेच ब्युरोच्या प्रमुखाचा. त्याला ‘प्रशासक’ म्हणतात. एकेकाळी त्याची नेमणूक एक मंडळ करी. १९९०च्या दशकाच्या मध्यात हा अधिकार थेट गव्हर्नरकडे गेला आणि मंडळाच्या जागी ‘देखरेख आयोग’ आला. या बदलामागचा युक्तिवाद हास्यास्पद नव्हता. मंडळाच्या कारभारात जबाबदारी कोणाचीच राहत नाही. निवडून आलेल्या गव्हर्नरला मात्र मतदार जाब विचारू शकतात, असे समर्थकांचे म्हणणे होते.

११/
हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. मतदार चार वर्षांतून एकदा मत देतो. शाळा, कर, रस्ते, पक्षनिष्ठा असे शंभर विषय त्या एका मतात कोंबलेले असतात. भरपाई निधीतून नाणी घेतली जात आहेत, हे मतदाराला मुळात कळणार कसे? माहितीवाचून उत्तरदायित्व नाही. आणि माहिती बाहेर काढणे हेच ज्या आयोगाचे काम, तो सल्ला देण्यापुरता उरला होता. रोजचा कारभार त्याच्या हाती नव्हता, प्रशासकाला दूर करण्याचा अधिकारही नव्हता.

१२/
त्याच दशकात गुंतवणुकीवरची जुनी कायदेशीर बंधनेही सैल झाली. निधी आता चौदा-पंधरा अब्ज डॉलरचा होता. रोख्यांपलीकडे जाऊन अधिक परतावा मिळवावा, हा विचार चुकीचा नाही. पण कुंपण काढायचे असेल तर राखणदार वाढवावा लागतो. ओहायोने कुंपण काढले आणि राखणदाराच्या हातातली काठीही काढून घेतली.

१३/
आता त्या व्यापाऱ्याकडे वळू. टॉम नो हा टोलेडो परिसरातला नाणे-व्यापारी आणि रिपब्लिकन पक्षासाठी निधी गोळा करणारा वजनदार माणूस. राज्यात त्या काळी सत्ता त्याच पक्षाची. उच्च शिक्षण आणि महामार्ग या क्षेत्रांतील राज्यस्तरीय मंडळांवरही त्याची वर्णी लागली होती. २००० सालच्या सुमारास ब्युरोच्याच अंतर्गत लेखापरीक्षकाने नाण्यांच्या व्यवहाराबद्दल शंका नोंदवल्या होत्या. त्यानंतर, २००१ साली, दुसरे अडीच कोटी दिले गेले.

१४/
हा क्रम पुन्हा वाचा. आधी इशारा, मग आणखी पैसे. लेखापरीक्षकाने आपले काम चोख केले होते. पण त्याचा इशारा ज्यांच्यापर्यंत गेला, त्यांच्यापैकी कोणालाही तो वर नेण्याची सक्ती नव्हती, गरजही वाटली नाही. इशारा आहे, पण ऐकून कृती करण्यास बांधील असा कान नाही. संस्था अशा पोकळीतच बुडतात.

१५/
३ एप्रिल २००५ रोजी टोलेडोच्या ‘द ब्लेड’ या वृत्तपत्राने ही गुंतवणूक उजेडात आणली. कागदपत्रांसाठी वृत्तपत्राला ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाचा दरवाजा ठोठवावा लागला. मे महिन्यात एक कोटीहून अधिक डॉलरचा हिशेब लागत नसल्याची कबुली व्यापाऱ्याच्या बाजूनेच आली आणि प्रशासकाने पद सोडले. नोव्हेंबर २००६ मध्ये नो याला चोरी, मनी लाँडरिंग, बनावट दस्तऐवज अशा गुन्ह्यांसाठी अठरा वर्षांची शिक्षा झाली. २०२० साली करोनाच्या साथीत शिक्षा कमी होऊन तो बाहेर आला.

१६/
गव्हर्नर बॉब टाफ्ट हे राष्ट्राध्यक्ष विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांचे पणतू. गोल्फच्या खेळी आणि इतर भेटी त्यांनी कायद्याप्रमाणे जाहीर केल्या नव्हत्या. ऑगस्ट २००५ मध्ये त्यांनी आरोपांना आव्हान दिले नाही; चार हजार डॉलर दंड झाला. पदावर असताना गुन्ह्यासाठी दोषी ठरलेले ते ओहायोचे पहिले गव्हर्नर. रक्कम किरकोळ वाटेल. पण प्रशासकाला नेमणारा हात तोच होता, हे विसरू नये.

१७/
नाण्यांच्या गोष्टीमुळे एक मोठा आकडा झाकला जातो. पिट्सबर्गच्या एका गुंतवणूक कंपनीकडे दिलेल्या निधीतून याच काळात २१.५ कोटी डॉलर बुडाले होते. ब्युरोच्या वरिष्ठांना हे २००४ मध्येच ठाऊक होते; जनतेला ते कळले जून २००५ मध्ये, नाण्यांचे प्रकरण पेटल्यावर. म्हणजे एका घोटाळ्याच्या उजेडात दुसरा दिसला. पहिला उघड झाला नसता तर?

१८/
आणि तिसरी गोष्ट तर चोरीचीही नाही. एकाच व्यवसायातील छोट्या मालकांनी गट करून आल्यास ब्युरो हप्त्यात भरघोस सवलत देई. ही सवलत धोक्याच्या प्रमाणात नव्हती, तिच्यामुळे पडणारी तूट गटाबाहेरच्या मालकांच्या हप्त्यांतून भरून काढली गेली, असा दावा त्या मालकांनी २००७ साली लावला. न्यायालयांनी तो उचलून धरला आणि २०१४ साली ब्युरोने ४२ कोटी डॉलरवर तडजोड केली. नाण्यांत गेलेल्या रकमेच्या ही कितीतरी पट आहे. कोणीही तुरुंगात गेले नाही, कारण कोणी काही चोरले नव्हते. हिशेबाची पद्धतच वाकडी होती.

१९/
माझ्या मते ओहायोचा सर्वांत मोठा धडा इथे आहे. चोर कधी ना कधी सापडतो. त्याचा शोध घ्यायला पत्रकार, पोलीस, सरकारी वकील असतात. वाकडा हिशेब मात्र तो हिशेब वाचता येणाऱ्यालाच दिसतो. देखरेख करणारा प्रामाणिक असला, तरी त्याला ॲक्चुअरीचे, म्हणजे विम्याच्या गणिताचे, ज्ञान नसेल तर तो समोर ठेवलेल्या कागदावर निमूटपणे मान डोलावतो. सचोटी आणि जाण या दोन्ही गोष्टी त्या खोलीत लागतात.

२०/
२००७ साली, नवे गव्हर्नर टेड स्ट्रिकलँड यांच्या काळात, ओहायोने कायदा बदलला. देखरेख आयोग जाऊन अकरा जणांचे संचालक मंडळ आले. कामगार व त्यांच्या संघटनांचे तीन सदस्य. मालकांचे तीन : लहान, मोठे आणि स्वतः भरपाई देणारे, प्रत्येकी एक. गुंतवणुकीचे दोन जाणकार. एक लेखापाल, एक ॲक्चुअरी आणि एक जनतेचा प्रतिनिधी. लेखापरीक्षण, विमागणित आणि गुंतवणूक यांसाठी तीन समित्या. या खात्यावर नजर ठेवायला राज्याच्या महानिरीक्षकांच्या कार्यालयात स्वतंत्र उपमहानिरीक्षकही आला.

२१/
कायद्यातील दोन तरतुदी मला विशेष वाटतात. एक : संचालक, प्रशासक आणि मुख्य गुंतवणूक अधिकारी हे निधीचे विश्वस्त आहेत. विश्वस्त या शब्दाला कायद्यात वजन आहे; ‘मला सांगितले नव्हते’ ही सबब त्याला सहज शोभत नाही. दुसरी : निधी कशात गुंतवू नये याची यादी. नाणी, चित्रे, घोडे, जडजवाहीर, टपाल तिकिटे, पुराणवस्तू! हसू येते खरे. पण कायद्यातल्या विचित्र वाटणाऱ्या ओळीमागे बहुधा एखादी घडलेली फसवणूक असते. जुने कायदे वाचताना ही खूण लक्षात ठेवा.

२२/
सुधारणा पुरी झाली का? मला वाटते, अर्धीच. संचालकांसाठी नावांची यादी देणारी निवड समिती आहे, हे चांगले. पण संचालकांना नेमतो गव्हर्नर आणि प्रशासकालाही नेमतो गव्हर्नरच. दोन्हींना सिनेटची संमती लागते. म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचे तो आणि लक्ष ठेवणारे, दोघेही एकाच दारातून आत येतात. गव्हर्नर आणि सिनेटचे बहुमत एकाच पक्षाचे असेल, तर संमती हा उपचार होऊन बसतो. प्रशासकाची निवड आणि गच्छंती मंडळाच्या हाती असती, तर सुधारणा पूर्ण झाली असती.

२३/
कोणी म्हणेल, ओहायोशी आपला काय संबंध? आहे. प्रा. आडारकर यांच्या १९४४च्या अहवालानंतर १९४८ साली भारतात कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपुरात योजनेचे उद्घाटन झाले. या कायद्यातही तोच सौदा होता : विमाधारक कामगाराने कामावरील इजेसाठी महामंडळाकडून लाभ घ्यायचा, भरपाई कायद्याखाली मालकाकडून वसूल करायचा नाही. २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जाते. भाऊ, बहीण, शेजारी, कोणाच्या तरी पगारपत्रकावर ही ओळ तुम्ही पाहिली असेल.

२४/
१९४८च्या कायद्याने या महामंडळावर केंद्र व राज्यांचे प्रतिनिधी, दहा मालकांचे, दहा कामगारांचे, दोन वैद्यकीय क्षेत्रातले आणि तीन खासदार बसवले. देशाचे महालेखापरीक्षक हिशेब तपासतात. प्रातिनिधिकतेच्या कसोटीवर ही रचना ओहायोच्या जुन्या आयोगापेक्षा उजवी आहे. पण ॲक्चुअरीसाठी वा गुंतवणुकीच्या जाणकारासाठी त्या यादीत राखीव जागा नव्हती. मूल्यमापन ठरावीक मुदतीने बाहेरचा तज्ज्ञ करी. बाहेरच्या तज्ज्ञाचा अहवाल आतल्या किती जणांना वाचता येतो, हा प्रश्न ओहायोने आपल्यासाठी आधीच सोडवून दाखवला आहे, आणि त्याची किंमतही मोजली आहे.

२५/
म्हणून कोणत्याही अशा संस्थेकडे पाहताना चार प्रश्न विचारा. प्रमुखाला नेमतो कोण आणि काढतो कोण? देखरेख करणाऱ्याला नेमणारा तोच आहे का? आकडे वाचू शकणारा माणूस त्या खोलीत आहे का? आणि लेखापरीक्षकाने दिलेला इशारा कोणाच्या टेबलावर जातो, तिथून पुढे कुठे? राजांच्या, लढायांच्या इतिहासात आपण हेच विचारतो : किल्ल्याच्या किल्ल्या कोणाजवळ होत्या? संस्थांच्या इतिहासातही तेच विचारायला हवे.

२६/
लोखंडे यांच्या निवेदनावर सह्या करणाऱ्या कामगारांनी दया मागितली नव्हती, हक्क मागितला होता. पुढे जगभर तो हक्क निधीच्या रूपाने मिळाला. पण त्याची तिजोरी कामगाराच्या घरात नाही, दूरच्या कार्यालयात आहे. जो माणूस दावा लावण्याचा हक्क सोडून त्या तिजोरीवर विसंबला, त्याला आत डोकावून पाहता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी पाहिले पाहिजे, आणि पाहणाऱ्याला दार उघडण्याचा अधिकार पाहिजे. एवढे साधे तत्त्व कायद्यात उतरवायला ओहायोला १९१३ पासून २००७ पर्यंत वाट पाहावी लागली.

धागा इथे संपवतो. तुमच्या शहरातील कामगार विमा रुग्णालयाचा, गिरणीचा किंवा एखाद्या जुन्या भरपाई दाव्याचा इतिहास घरातल्या कोणाला ठाऊक असेल, तर विचारून लिहून ठेवा. असा इतिहास ग्रंथांत क्वचितच सापडतो.